वरोऱ्याचे आनंद निकेतन व तेथील विद्यार्थिजीवन

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाच्या उभारणीचा वृत्तांत, धर्मगुरूंची परंपरा, शाळेची व मंडळांची प्रगती यांस अग्रस्थान मिळावे, हे योग्यच होय. तथापि कोणताही धर्मग्राम केवळ आपल्या भिंतींच्या आत वाढत नाही. आसपासचा प्रदेश, तेथील माणसे, त्यांची दुःखे व त्यांचे पराक्रम यांचाही त्याच्या घडणीत वाटा असतो. शिवाय आपल्या घरोघरची मुले आता महाविद्यालयांत जातात, आणि तेथे ती व्याख्यानांखेरीज काय शिकतात, कोणाच्या संगतीत उठतात-बसतात, ही काळजी प्रत्येक आईबापास असते. म्हणून चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या वनप्रदेशातील एका महाविद्यालयाची, आणि ज्या भूमीवर ते उभे राहिले त्या भूमीने तरुणांस काय शिकविले याची, हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर एकत्र जमावे, वादविवाद करावा, गावे-खेळावे, ही रीत विद्यापीठांइतकीच जुनी आहे. केंब्रिज येथे १८१५ साली व ऑक्सफर्ड येथे १८२३ साली विद्यार्थ्यांच्या वादसभा स्थापन झाल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ साली केवळ विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींसाठी एक स्वतंत्र वास्तू उभी राहिली, आणि पुढे अशा वास्तू तिकडील विद्यालयांत सर्वत्र दिसू लागल्या. आपल्याकडे हेच कार्य जिमखाना, वसतिगृह आणि वार्षिक स्नेहसंमेलन यांनी केले. या सर्वांमागील विचार एकच आहे : व्याख्यानाने ज्ञान मिळते, पण स्वभाव घडतो तो सहवासाने.

आमच्या वनप्रदेशास ही कल्पना परकी नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतील गोंड व माडिया बांधवांच्या गावी गोटुल असे. सायंकाळी गावची तरुण मंडळी तेथे जमत, नाचगाणी होत. पाहुण्यास उतरावयास जागा मिळे, आणि गावाचा काही प्रश्न असेल तर वडीलधारी माणसे तेथेच बसून निर्णय करीत. ज्यास शाळा ठाऊक नव्हती अशा समाजानेही तरुणांच्या सहवासासाठी एक घर राखून ठेविले होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

महाविद्यालय मात्र या मुलखात उशिरा आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील मुलास पदवीचे शिक्षण घ्यावयाचे तर नागपूर गाठावे लागे. तेथे १८८३ साली हिस्लॉप कॉलेज व १८८५ साली मॉरिस कॉलेज स्थापन झाले होते, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठही झाले. परंतु खोलीचे भाडे, खाणावळ व फी यांचा भार शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घरास झेपण्यासारखा नव्हता. हुशार मुलगा मॅट्रिक होऊन थांबे, आणि मुलीचा तर प्रश्नच उपस्थित होत नसे. ही उणीव वरोऱ्यापुरती ज्यांनी भरून काढिली, ते कोणी धनिक नव्हते. समाजाने ज्यांस गावाबाहेर काढिले होते, अशी ती माणसे होती.

मुरलीधर देविदास आमटे, ज्यांस सारा महाराष्ट्र बाबा आमटे म्हणून ओळखतो, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वरोऱ्यास ते वकिली करीत व तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. भंग्याचे काम स्वतः करीत असता एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्या दर्शनाने ते प्रथम भ्याले. आणि आपण भ्यालो, ही गोष्टच त्यांस असह्य झाली. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली, कलकत्त्यास जाऊन या रोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले, आणि सरकारने दिलेल्या सुमारे ५० एकर खडकाळ, झुडुपांनी भरलेल्या जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर संसार मांडिला. पत्नी साधनाताई व दोन लहान मुले बरोबर होती. १९५१ साली विनोबांच्या हस्ते या वसाहतीचे उद्घाटन झाले. तिचे नाव आनंदवन.

पहिले काम विहिरीचे. ज्यांच्या बोटांत संवेदना उरली नव्हती, कित्येकांस बोटेच नव्हती, अशा हातांनी खडक फोडून पाणी काढिले. पाणी लागताच शेती झाली, भाजीपाला पिकला. तो विकण्यास वरोऱ्याच्या बाजारात नेला, तेव्हा मात्र घेण्यास कोणी पुढे येईना. महारोग्याच्या हातची भाजी कोण खाणार? येथे वाचकांनी हेही ध्यानी घ्यावे की, १८९८ सालच्या कुष्ठरोगी कायद्याने सरकारास असा अधिकार दिला होता की, कुष्ठरोग्याने खाद्यपदार्थ विकू नये, सार्वजनिक विहिरीवर स्नान करू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असे हुकूम काढिता यावेत. बाजाराची भीती व कायद्याची भीती एकाच मुशीतील होती.

ही भीती अज्ञानातून येत होती काय? काही अंशी होय; परंतु सर्वांशी तसे म्हणता येत नाही. नॉर्वेतील वैद्य हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली शोधून काढिला होता. त्याच वर्षी फादर डेमियन हे मोलोकाई बेटावरील रुग्णांत राहावयास गेले. १८८९ साली ते तेथेच त्याच रोगाने निवर्तले, आणि २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन वर्गातील औषधाचा प्रयोग सुरू झाला, आणि आशा करण्यास प्रथमच आधार मिळाला. हा रोग वंशपरंपरेने येत नाही, तो पापाचे फळ नाही, बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्यास तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते, आणि उपचार सुरू झालेल्या रुग्णापासून संसर्गाचे भय लवकरच उरत नाही, ही माहिती वैद्यांस हळूहळू होत गेली. पण ज्ञान पुस्तकात होते, आणि भाजी टोपलीत तशीच पडून होती.

टोपली रिकामी होण्यास निराळेच कारण घडले. पियेर सेरेसोल यांनी १९२० साली स्थापिलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक १९५४ च्या सुमारास आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्यास खांदा लावून इमारती बांधिल्या, त्यांच्याच पंगतीत बसून तेथील अन्न सेवन केले. हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. दूरदेशीचे लोक निर्धास्तपणे जेवतात, त्यांस काही होत नाही, हे पाहून गावाचा आडपडदा हळूहळू गळू लागला व माल विकला जाऊ लागला. व्याख्यानांनी जे झाले नसते ते एका पंगतीने झाले.

आता महाविद्यालयाकडे वळू. आनंदवनातील लोक स्वतःच्या अन्नवस्त्रापुरते मिळवू लागले, तेव्हा त्यांपुढे प्रश्न आला की, आपण समाजास काय देऊ शकतो? बाबांचे मत असे होते की, नुसते दान घेणारा माणूस आतून खचतो आणि काम करणारा उभा राहतो. आणि ज्याच्या हातून दुसऱ्यास काही मिळते, त्याची मान खरी वर होते. म्हणून आनंदवनाने वरोरा व आसपासच्या खेड्यांतील मुलांसाठी महाविद्यालय काढिले. १९६४ साली कला, वाणिज्य व विज्ञान यांचे आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले, आणि १९६५ साली कृषी महाविद्यालयाची त्यास जोड मिळाली. कुष्ठरोगमुक्त बांधवांच्या श्रमांतून या इमारती उभ्या राहिल्या. १९६६ साली अंध मुलांची शाळाही तेथे निघाली.

या घटनेचे महत्त्व आकड्यांवरून कळणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्या जमिनीकडे पाहण्यासही लोक भीत, तेथे आता तेच लोक आपली मुले, आणि मुलीसुद्धा, शिकण्यास धाडू लागले. अन्य महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी एखादे दालन असते. येथे महाविद्यालयाच्या दाराबाहेर पाऊल टाकिले की सारे आनंदवनच समोर होते : शेते, गोठा, हातमाग, सुतारशाळा, लोहारशाळा, आणि तेथे राबणारी माणसे. विद्यार्थ्यास कोणी ‘समाजसेवा’ हा विषय शिकविण्याची गरज नव्हती. ज्या भिंतीच्या सावलीत तो बसे, ती कोणी बांधिली हे त्यास ठाऊक होते. देणारा कोण व घेणारा कोण, हा जगाचा ठरलेला हिशेब तेथे उलटा झाला होता, आणि तो रोज डोळ्यांसमोर होता. विद्यार्थिजीवनाचे याहून मोठे शिक्षण कोणते असू शकेल, हे आम्हांस सुचत नाही.

आनंद निकेतनात मिळणारा हा सहवास पुढे साऱ्या महाराष्ट्रातील तरुणांस खुला झाला. मूल तालुक्यात, ताडोबाच्या जंगलाच्या बाजूस, सोमनाथ येथे आनंदवनाने धानशेतीची मोठी वसाहत उभारिली. तेथे बाबांनी श्रमिक विद्यापीठाची कल्पना मांडिली, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मे महिन्याच्या सुटीत श्रमसंस्कार छावणी भरू लागली. चंद्रपूरचा वैशाख कसा असतो, हे आपणांस सांगावयास नको. त्या उन्हात शहरांतील महाविद्यालयांची मुले-मुली येत. पहाटे उठून कुदळ-फावडे हाती घ्यावे, बांध घालावेत, माती वाहावी. दुपारी देशाच्या प्रश्नांवर व्याख्याने व चर्चा ऐकाव्या. रात्री गाणी व गप्पा व्हाव्या, असा क्रम असे. एका ओळीत पाटी देताघेता जात विचारण्यास सवड मिळत नाही, आणि शेजारच्या हातास बोटे किती आहेत हेही थोड्या वेळाने दिसेनासे होते. हे एक प्रकारचे गोटुलच होते असे आम्ही म्हणतो; फरक इतकाच की त्यात एका गावाऐवजी शेकडो गावांचे तारुण्य जमत होते.

या सहवासाची फळे दूरवर गेली. २३ डिसेंबर १९७३ रोजी पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमाजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे व त्यांचे तरुण सहकारी पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या त्या अरण्यात माडियांच्या सेवेस राहिले. दवाखान्यापाठोपाठ शाळा निघाली, आणि त्या शाळेत शिकलेली मुले पुढे डॉक्टर, वकील व शिक्षक झाली. २४ डिसेंबर १९८५ रोजी बाबांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढिली, तेव्हाही त्यांच्याबरोबर सायकलींवर निघालेले तरुणच होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा निवर्तले. गडचिरोली १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०११ साली तेथे गोंडवाना विद्यापीठही स्थापन झाले. आता पदवीसाठी नागपूरची वाट धरणे या मुलखातील मुलास अनिवार्य राहिलेले नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आम्ही आवश्यक समजतो. बहुविध औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली, आणि त्याने रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही १८९८ सालचा तो कायदा रद्द झाला २०१६ साली. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे विवाहविषयक कायद्यांतून, ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ सालच्या कायद्यातूनही, निघाली ती २०१९ साली. म्हणजे वरोऱ्याच्या खेड्यांतील मुलामुलींनी जो उंबरठा १९६४ साली ओलांडिला, तो ओलांडण्यास देशाच्या कायद्यास आणखी अर्धे शतक लागले. ज्ञान पुढे गेले होते, औषध पुढे गेले होते. मागे राहिली होती ती भीती. आणि ती जेथे मोडली, तेथे ती एकत्र बसण्याने, एकत्र काम करण्याने व एकत्र जेवण्यानेच मोडली. शुभवर्तमानातही क्रम हाच आहे : प्रभूने कुष्ठरोग्यास आधी हात लाविला, आणि मग तो शुद्ध झाला.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? आमच्या धर्मग्रामात सभागृह आहे, तरुणांचे मंडळ आहे, सणावारी संमेलने होतात. या सर्वांचा आम्हांस अभिमान आहे. पण सभागृहाची परीक्षा तेथे कोण येतो यावरून होते, तशीच कोण येत नाही यावरूनही होते. चंद्रपूर व गडचिरोली हे आजही महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे अधिक रुग्ण आढळणारे जिल्हे आहेत. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला की तो झाकून ठेवण्याची, लेकीसुनेच्या लग्नाच्या भयाने घरातच दडविण्याची रीत अजून गेलेली नाही. सरकारी आरोग्य केंद्रात औषध विनामूल्य मिळते. वेळीच घेतले तर हातापायांस व्यंग येत नाही. आमच्या तरुण बंधुभगिनींस विनंती आहे की, येत्या उन्हाळ्याच्या सुटीतील एक आठवडा त्यांनी श्रमासाठी राखून ठेवावा, आणि ज्या घरी आपले जाणे-येणे नाही अशा एका घरी जाऊन, तेथे जे पुढे येईल ते अन्न त्या घरच्या माणसांबरोबर बसून सेवन करावे.