वीस आठवड्यांची रेघ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१ ऑगस्ट २००८, शुक्रवार. दुपारी जुम्याची नमाज झाली आणि संध्याकाळी सूर्यग्रहण लागलं. आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं. इंदापूरच्या जिराईत भागातल्या एका घरात माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सासूनं खाटेवर सरळ झोपवून ठेवलं होतं. चिरायचं नाही, कापायचं नाही. ग्रहणात गरोदर बाईनं काही कापलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत आमच्या कऱ्हाटीत हिंदूंची आणि मुसलमानांची एकच आहे. बहीण निमूट पडून राहिली. खरं तर दोन आठवड्यांपूर्वीच सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचा दोष दिसला होता. जे व्हायचं ते ग्रहणाआधीच झालं होतं.

तेविसावा आठवडा चालू होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद. एक डॉक्टर म्हणाले, बाळ वाचणं कठीण. दुसरे म्हणाले, जन्मानंतर शस्त्रक्रिया होऊ शकते. पण दोघांचं एक वाक्य सारखं होतं : वीस आठवडे उलटलेत, आता कायद्यानं काही करता येत नाही.

त्याच दिवसांत मुंबईचं एक जोडपं हायकोर्टात उभं होतं. त्यांच्याही बाळाच्या हृदयात गंभीर दोष निघाला होता आणि तोही वीस आठवड्यांनंतरच कळला होता. त्यांचे डॉक्टर निखिल दातार स्वतः अर्जदार झाले होते. ४ ऑगस्टला न्यायालयानं परवानगी नाकारली. आईच्या जिवाला धोका असेल तरच वीस आठवड्यांनंतर गर्भपात करता येतो, आणि कायदा बदलणं हे न्यायालयाचं काम नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर ही बातमी लागली तेव्हा आमच्या घरात कुणी चहाचा कप उचलला नाही. पुढे काही दिवसांतच त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. तोवर वर्तमानपत्रांतून, टीव्हीवर अख्ख्या देशानं त्यांच्या पोटातल्या बाळावर मत देऊन टाकलं होतं.

ही वीस आठवड्यांची रेघ आली कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो. १८६० च्या दंडविधानानं आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हा गुन्हाच ठरवला होता. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या. १९६४ मध्ये केंद्र सरकारनं महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ मध्ये तिचा अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. जन्मणाऱ्या मुलाला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका असेल तर गर्भपात करता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मर्यादा वीस आठवड्यांची.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची, पण ती जीवघेणी आहे. पोटातल्या बाळाचं व्यंग १९७१ मध्ये दिसणार कसं? ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं पाहण्याचा शोधनिबंध १९५८ मध्ये छापला होता खरा. धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावरून त्यांना ती वाट सापडली. पण आपल्याकडे कायदा झाला तेव्हा तालुक्याच्या गावी असलं यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असणार ती गरोदरपणात गोवर-कांजिण्यांसारखा आजार झालेली किंवा घातक औषध पोटात गेलेली आई. पुढं यंत्र आलं. बाळाच्या हृदयाचे कप्पे त्यात नीट दिसू लागतात ते अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात. म्हणजे दार बंद व्हायच्या वेळेलाच खिडकी उघडायची.

त्यात आपण या यंत्राचा दुसराच उपयोग करून ठेवला. मुलगी आहे का ते पाहायचं आणि पाडायची. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली भरल्या. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण व्यंग निघालेल्या बाईकडेही लोक संशयानं पाहू लागले. ‘खरं सांग, मुलगी आहे म्हणून तर नाही ना?’ असं माझ्या बहिणीला शेजारणीनं विचारलं होतं.

धर्मानं काय म्हटलंय, हेही मी एका जाणत्या मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी १२० दिवसांची गोष्ट सांगितली. तोवर गर्भात रूह येत नाही, असं अनेक फिकहकार मानतात. मक्केतल्या फिकह परिषदेनं १९९० मध्ये, गंभीर व्यंग तज्ज्ञांनी सिद्ध केलं तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला मुभा दिली होती. इराणनं २००५ मध्ये जवळपास तसाच कायदा केला. डॉक्टरांच्या मोजणीनं हे १२० दिवस म्हणजे साधारण एकोणीस आठवडे! मी घरी येताना एसटीत बोटांवर हिशेब करत बसलो. दिल्लीची रेघ आणि मक्केची रेघ, दोघींमध्ये जेमतेम आठवड्याचं अंतर. आणि माझी बहीण दोन्हींच्या पलीकडे.

उरलेले महिने तिनं कसे काढले? दर पंधरा दिवसांनी पुण्याची वारी. डॉक्टरांनी बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या होत्या, तर ती जेवण झालं की वाटीत चिंचोके घेऊन बसायची. बाळ हललं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. चिंचोके सरकेनासे झाले की घरातले सगळे गप्प. सासरच्यांनी सातव्या महिन्याचा सतवासा टाळला. कशाला उगाच, म्हणाले. अम्मीनं तिला बारामतीला आणून ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि गल्लीतल्या बायकांना जेवायला बोलावलं. अम्मीला कायदा ठाऊक नव्हता, हृदयाचे कप्पेही नाही. पोरीचं बाळंतपण आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

नोव्हेंबरात पुण्यात मुलगी झाली. रडताना ओठ निळे पडायचे. चौदाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आज ती कॉलेजात जाते आणि मामाच्या कविता तिला लांबलचक वाटतात. यावरून कायद्याबद्दल कुणी निष्कर्ष काढू नये. सगळे दोष सारखे नसतात. ज्यात डोक्याची कवटीच बनत नाही अशा व्यंगाला कसली शस्त्रक्रिया?

आमच्या घरात दखनी बोलतात, पण मनातलं सांगायचं झालं की बहीण मराठीवर येते. मुंबईच्या त्या निकालाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “भाई, मला विचारलं असतं तर मी हीच ठेवली असती. पण मला कुणी विचारलंच नाही.”

डॉ. दातार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ पासून त्या न्यायालयानं एकेका बाईला तिच्या अर्जावर परवानगी द्यायला सुरुवात केली. प्रत्येकीनं वकील गाठायचा, तारीख मिळवायची, आणि पोटातले दिवस तर थांबत नाहीत. अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. बाळात व्यंग असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि व्यंग गंभीर असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर आठवड्यांची मर्यादाच नाही.

कायदा बदलल्यावर वर्षभरानं बहिणीच्या गावातल्या एका मुलीला बाविसाव्या आठवड्यात असंच काही निघालं. ती घाबरून बहिणीकडे आली, म्हणून बहीण तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं कागदावर चित्र काढून समजावलं, नवऱ्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि त्या मुलीला विचारलं, “तुझं काय म्हणणं आहे?” बहिणीनं एवढंच मला सांगितलं. त्या मुलीनं काय ठरवलं, ते मी विचारलं नाही.