जलसाठा आलेख

जलसाठा आलेख म्हणजे धरणातील पाण्याची पातळी, साठा, आवक किंवा विसर्ग यांच्या नोंदी अक्षांवर मांडून त्यांच्यातील संबंध दाखविणारा आलेख होय. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या (नाथसागर) साठ्याचा आलेख हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

पातळी–साठा आलेख

धरणात प्रत्यक्ष मोजली जाते ती पाण्याची पातळी. त्या पातळीला किती पाणी आहे, हे जलाशयाच्या सर्वेक्षणावरून तयार केलेल्या आलेखातून काढतात. जलाशय वर रुंद होत जातो, म्हणून ही रेषा वक्र असते. तळाजवळच्या एका मीटरपेक्षा माथ्याजवळच्या एका मीटरमध्ये कितीतरी अधिक पाणी मावते. गाळ साचत गेल्यावर जुना वक्र प्रत्यक्षापेक्षा जास्त साठा दाखवू लागतो. त्यामुळे ठरावीक काळाने नवे सर्वेक्षण करावे लागते.

काल–साठा आलेख

यात क्ष-अक्षावर तारीख आणि य-अक्षावर साठा असतो. रेषेचा चढ जितका तीव्र, तितका साठा वेगाने वाढत असतो. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाणलोटात जोरदार पाऊस झाल्यास पैठण परिसरात पाऊस कमी असतानाही रेषा चढू शकते. उन्हाळ्यातील उतारात सिंचन, पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन हे सर्व एकत्र आलेले असते; त्यांचा वेगवेगळा वाटा जाणून घेण्यासाठी स्वतंत्र नोंदी लागतात. अनेक वर्षांच्या रेषा एकाच आलेखावर काढल्यास टंचाईचे वर्ष चटकन ओळखता येते.

शून्य आणि टक्केवारी

जायकवाडीची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा, तर ७३८ दशलक्ष घनमीटर मृत साठा मानला जातो. टक्केवारी सहसा उपयुक्त साठ्याची दिली जाते. म्हणून आलेखावरील शून्य म्हणजे कोरडे धरण नव्हे. उपयुक्त साठा ५० टक्के असतो, तेव्हा एकूण क्षमतेच्या सुमारे ६३ टक्के पाणी धरणात असते. अक्षावर कोणता साठा घेतला आहे, हे आलेखावर नमूद करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

हा फरक पाणीवाटपातही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा हा निकष ठरविण्यात आला. साठा त्याहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो.