गोंदणाची कहाणी

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलीने मनगटावर टॅटू काढून घेण्याची परवानगी मागितली. मी एकदम "नाही" म्हणाले. "मग पणजीच्या हातावर होते ते काय?" असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झाले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे आठवले व जे वाचनात आले, ते आज स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

माझी आजी जुन्नरकडची. तिच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन, हनुवटीवर ठिपका आणि पोटरीवर विंचू गोंदलेला होता. वैदूंच्या बायका सुगीनंतर गावात येत. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवून, दोनतीन सुया एकत्र बांधून त्या गोंदीत आणि वरून हळद चोळीत. मजुरी म्हणून पसा-दोन पसे धान्य मिळे. आजी म्हणे, "दागिनं हितंच ऱ्हात्यात, हे तेवढं संगं येतं." ज्या बाईच्या नावावर ना घर ना शेत, तिच्या मालकीचे हे एवढेच धन; ते सावकाराला नेता येत नव्हते की चोराला.

पण आजी आणखीही एक गोष्ट सांगे. तेव्हा ती सात वर्षांची होती. दोघी चुलत्यांनी तिचे हात धरून ठेवले होते आणि ती रडून रडून निजली. "मला कुनी इचारलं न्हाई," हे ती हसत म्हणे. पण दर वेळी म्हणे.

ही चाल किती जुनी? १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा आहेत. त्यांतील पुष्कळशा कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांपाशी असल्याने तो दुखण्यावरचा उपाय असावा, असे अभ्यासकांना वाटते. आपल्याकडेही दुखऱ्या सांध्यावर गोंदवून घेत असत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. इजिप्तमधील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या देहावरही गोंदण असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. म्हणजे स्त्रिया या कथेत अगदी आरंभापासून आहेत.

'टॅटू' हा शब्द पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या 'ततौ' शब्दावरून आला. १७६९ मध्ये कॅप्टन कुकचे जहाज ताहिती बेटावर गेले, त्यानंतर तो इंग्रजीत रुळला. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तर चेहऱ्यावरील गोंदण पाहून माणसाचे कूळ व मान ओळखत.

आपल्या डोंगरीत बेथलेहेम माउलीचे चर्च आहे. खुद्द जेरुसलेम-बेथलेहेमच्या यात्रेला जाणारे ख्रिस्ती यात्रेकरू शेकडो वर्षे हातावर क्रूस गोंदवून परतत. १६९७ मध्ये हेन्री मॉन्ड्रेल या इंग्रज पाद्र्याने जेरुसलेमला हे पाहिले: आधी लाकडी ठसा कातडीवर उठवायचा आणि मग दोन सुया एकत्र बांधून टोचायचे. वाचताना मला आजीची वैदीणच आठवली. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती आजही मनगटावर क्रूस गोंदवितात. बायबलच्या जुन्या करारात मात्र अंगावर गोंदू नये, असे सांगितले आहे. एकाच धर्मात दोन्ही गोष्टी नांदल्या.

याच सुईने माणसाला कलंकही लावला आहे. इंग्रजी अमदानीत बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत. ही शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. जपानातही पूर्वी गुन्हेगारांना गोंदून खूण करीत. दुसऱ्या महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले. ज्या मुलीबाळी त्यातून वाचल्या, त्यांनी तो आकडा जन्मभर बाळगला.

सुई तीच, काजळीही तीच. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते. शरीराच्या रक्षक पेशी ती गिळून धरून ठेवतात आणि त्या मेल्या की नव्या पेशी तीच शाई पुन्हा उचलतात. म्हणून खूण पुसत नाही. शरीराला ती मानाची की अपमानाची हे कळत नाही. ते ठरते एकाच गोष्टीवरून: जिच्या अंगावर गोंदले, तिला कोणी विचारले होते काय?

मुलीला मी अखेर तेच सांगितले. अठरा वर्षे पूर्ण होऊ देत. मग तुझे तू ठरव. दुकानात सुई नवी, तुझ्यादेखत फोडलेली असावी, शाईही ताज्या भांड्यात ओतलेली असावी. कारण वापरलेल्या सुईतून कावीळ-बी, कावीळ-सी आणि एड्सचे विषाणू शिरू शकतात. आणि नाव कोरण्यापूर्वी वर्षभर थांब.

भगिनींनो, एक विनंती आहे. आपल्या गल्लीत अजून हिरव्या हातांच्या आज्या आहेत. त्यांच्याजवळ बसा, ते वृंदावन, तो विंचू वहीत उतरवून घ्या. केव्हा, कुठे, कोणी गोंदले ते लिहा. माझ्या आजीचे गोंदण खरेच तिच्यासंगे गेले. तिच्या हातावरच्या वृंदावनाला पायऱ्या किती होत्या, हे मला आज कोणी विचारले तर सांगता येत नाही.