भीतीचं नाक

लहानपणी अंधारात कुणी घाबरलं की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास म्हणायचं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" वेदान्तातला दोरी आणि सापाचा दाखलाही आपण कुठे ना कुठे ऐकलेला असतो. संधिप्रकाशात दोरीच साप वाटते, दिवा आणला की साप नाहीसा होतो. या दोन्हींमधून आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं: डोळे, नाक, कान आपापलं काम चोख करतात आणि घोटाळा होतो तो नंतर, मनात.

विज्ञानात या चित्राला धक्का कसा बसला, त्याची ही गोष्ट. ती सांगावीशी वाटते, कारण "सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे वाक्य ऐकून गप्प बसलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत.

साल १९४७. हार्वर्डमधले जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन यांनी दहा वर्षांच्या मुलांना एक लाकडी खोका दिला. खोक्यावर प्रकाशाचं एक वर्तुळ दिसायचं आणि बटण फिरवलं की ते लहान-मोठं व्हायचं. मुलांनी ते हातातल्या नाण्याएवढं करून दाखवायचं, इतकंच काम. काही मुलांना नाण्यांऐवजी त्याच आकाराच्या पुठ्ठ्याच्या चकत्या दिल्या होत्या. चकत्यांचा आकार मुलांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितला. नाणी मात्र त्यांना खऱ्यापेक्षा मोठी दिसली. आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतल्या मुलांना ती श्रीमंत मुलांपेक्षाही मोठी दिसली.

ब्रूनर स्वतः मोतीबिंदू घेऊन जन्मलेले. दोन वर्षांचे असताना शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कुठे त्यांना दिसू लागलं. पाहणं म्हणजे कॅमेऱ्यासारखं नुसतं टिपणं नाही, आपली गरज आणि आपली इच्छाही त्यात उतरते, असं ते मांडत होते. या विचाराला पुढे 'न्यू लुक' असं नाव पडलं.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, कार्टर आणि स्कूलर यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. नाणं समोर असताना गरीब आणि श्रीमंत मुलांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. नाणं आठवून आकार सांगायचा झाला, तेव्हा मात्र तो दिसला. मग प्रश्न उभा राहिला: मुलांना नाणं मोठं *दिसलं*, की त्यांनी ते मोठं *सांगितलं*? हा वाद अजून मिटलेला नाही. २०१६ मध्ये फायरस्टोन आणि शॉल यांनी असे अनेक प्रयोग तपासून दाखवलं, की त्यांत पाहणं आणि अंदाज बांधणं यांची सरमिसळ झालेली असते.

या कोंडीत एक वाट सापडली ती नाकातून.

वासाचा मेंदूकडे जाणारा रस्ता फार जवळचा आहे, आणि भावनांशी संबंध असलेल्या भागांना अगदी लागून. २००८ मध्ये वेन ली, जे गॉटफ्रिड आणि सहकाऱ्यांनी लोकांना तीन बाटल्या हुंगायला दिल्या. दोन बाटल्यांत एकच रसायन, तिसरीत त्याची आरशातली प्रतिमा म्हणावी असं जुळं रसायन. वेगळी बाटली कोणती, हे लोकांना ओळखता येईना, उत्तरं निव्वळ नशिबावर. मग जोडीतल्या एका वासाबरोबर विजेचा सौम्य झटका देण्यात आला, आणि काही वेळातच तीच माणसं वेगळी बाटली ओळखू लागली! इथे अंदाज फुगवून सांगायला वावच नव्हता. आधी जो फरक जाणवतच नव्हता, तो आता जाणवत होता. मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागातली हालचालही बदलली होती.

२०१३ मध्ये जॉन मॅकगॅन यांच्या गटाने उंदरांमध्ये याच्याही एक पायरी अलीकडे जाऊन पाहिलं. झटक्याशी जोडलेला वास आला की नाकातल्या चेतापेशींकडून मेंदूकडे जाणारा संदेशच वाढलेला होता. म्हणजे मेंदूने विचार करायच्या आधीच, दारावरच, भीतीची खूण उमटली होती. त्याच वर्षी वेन ली आणि एलिझाबेथ क्रुसमार्क यांनी दाखवलं, की अस्वस्थ करणारी चित्रं पाहून माणसाची चिंता वाढली, की एरवी ना बरा ना वाईट वाटणारा वासही नकोसा वाटू लागतो.

हे वाचताना मला फिनेल आठवलं. वडील महिनाभर आयसीयूत होते, तेव्हापासून ऑफिसच्या जिन्यावर फिनेलचा वास सगळ्यात आधी मला येतो आणि पोटात गोळा उठतो. मित्रांना मी नाटकी वाटतो. आता वाटतं, त्यांच्या आणि माझ्या नाकाला येणारा वास कदाचित एकसारखा नसेलही.

पण म्हणून भीती म्हणते ते सगळं खरं, असं नव्हे. नाक तल्लख झालं असेल, तरी जिन्यावर आयसीयू नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तेव्हा त्याचं पोळणं खरं असतं, पण ताक थंडच असतं. चिंतेने त्रासलेल्या माणसाशी बोलताना या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायला हव्यात, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला जमत नाही. आपण एक तर त्याला खोटं ठरवतो, नाही तर त्याच्याबरोबर आपणही घाबरतो.

२०१५ मध्ये मॉरिसन, डायस आणि रेसलर यांचं उंदरांवरचं आणखी एक काम प्रसिद्ध झालं. झटक्याच्या भीतीमुळे नाकात त्या विशिष्ट वासाच्या चेतापेशी वाढल्या होत्या. मग तोच वास पुन्हा पुन्हा दिला, पण झटका न देता. हळूहळू भीती ओसरली आणि वाढलेल्या पेशीही कमी झाल्या.

हे उंदरांचं झालं, माणसाचं गणित जास्त गुंतागुंतीचं. पण भीतीवरच्या उपचारात समुपदेशक जे करायला सांगतात, त्याची जात हीच: नको वाटणाऱ्या गोष्टीजवळ सुरक्षितपणे, थोडं थोडं, परत परत जाणं. दोरीवर एकदाच दिवा धरून भागत नाही. तो बरेच दिवस धरावा लागतो, आणि धरताना कुणीतरी सोबत असलेलं बरं.