मनीऑर्डरीचा जमाखर्च : कोकण, गिरणगाव आणि न मोजलेले श्रम

‘मनीऑर्डरीवर जगणारे कोकण’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रूढ झाला आहे, की त्यामागील आर्थिक विधान तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. या विधानाचा सरळ अर्थ असा, की मुंबई मिळवते आणि कोकण खाते; शहर दाता आणि खेडे याचक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1982च्या संपापर्यंतचा गिरणी कामगारांचा इतिहास मात्र या विधानाला दुजोरा देत नाही. गावाकडे जे पैसे आले त्यांची पावती निघत असे. गावाने शहराला जे दिले त्याची पावती कधीच निघाली नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा जमाखर्च मांडण्याचा आणि मराठी साहित्याने त्याची कितपत दखल घेतली हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये गिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी या परिसरात गिरण्यांची गर्दी झाली. त्यांत राबणारे मनुष्यबळ मुख्यतः बाहेरून आले. 1911 आणि 1921 या दोन्ही जनगणनांत मुंबईच्या रहिवाशांपैकी सुमारे चार पंचमांश किंवा त्याहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले होते. आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश होते. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. घाटावरून सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतील माणसे आली, तशी पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही आली. परंतु गिरणगावाची भाषा, सण आणि स्वयंपाक यांवर ठसा उमटला तो प्रामुख्याने कोकण आणि घाट यांचा.

ही माणसे का आली? मुंबईचे आकर्षण हे उत्तर अपुरे आहे. कोकणातील बऱ्याच भागात जमिनीवर खोताचा अंमल होता. कुळाने भाताच्या पिकाचा निम्मा हिस्सा द्यायचा तो ‘अर्धेल’ आणि वरकस जमिनीतील पिकाचा तिसरा हिस्सा द्यायचा तो ‘तिर्धेल’. शिवाय वेठ वेगळीच. जमीन थोडी, डोंगरउताराची, एकपिकी. अशा घरात खोताचा खंड आणि सावकाराचे व्याज रोख रकमेवाचून भागत नसे, आणि रोख रक्कम गावात मिळत नसे. 1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931च्या अहवालात हेच नमूद केले, की हिंदुस्थानातील औद्योगिक कामगार शहराकडे ओढला गेलेला नाही, तो गावातून ढकलला गेलेला आहे. म्हणजे मुंबईची पहिली मनीऑर्डर घरात सुबत्ता आणण्यासाठी निघाली नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून निघाली. कामगाराच्या मजुरीचा एक भाग अशा रीतीने पोस्टातून घरी, आणि घरातून खोताकडे व सावकाराकडे जात राहिला.

त्याच कमिशनने आणखी एक शिफारस केली. कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू मानावी आणि ते तोडण्याऐवजी टिकवावे, असे तिचे तात्पर्य होते. येथे विचारायला हवे, की ही जमेची बाजू कोणाची? गिरणीची मजुरी ठरे ती एकट्या पुरुषाच्या निर्वाहाच्या हिशेबाने. त्याची मुले गावात वाढत. तो आजारी पडला की गावी जाई. बदली कामगाराला काम मिळाले नाही तर त्याच्या बेकारीचा खर्च गाव सोशी. निवृत्तिवेतनाची सोय नव्हती, त्यामुळे म्हातारपणही गावाच्या वाट्याला येई. कामगाराची पुढची पिढी वाढवणे आणि थकलेल्या पिढीला पोसणे हा कोणत्याही उद्योगाचा अपरिहार्य खर्च असतो. मुंबईच्या गिरण्यांनी त्याचा मोठा भाग रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या शेतघरांवर टाकला. मालाच्या किमतीत तो दिसत नसे, ताळेबंदात दिसत नसे. मनीऑर्डर मोजली गेली, कारण ती पोस्टाच्या वहीत होती. पेज, लावणी, गुरांचे चारापाणी, सासूसासऱ्यांची सेवा, बाळंतपणे यांची वही कोणीच ठेवली नाही.

हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे होते. 1921 मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. उलट कोकणात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक. एकाच स्थलांतराची ही दोन टोके होत. नवरा चाकरमानी झाला की शेती बाईच्या अंगावर पडे, पण जमिनीवरील नाव आणि निर्णय यांत तिला वाटा मिळेच असे नाही; सासरा, दीर किंवा मुंबईहून येणारे पत्र यांच्या संमतीने तिला कारभार हाकावा लागे. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा अभ्यास करून 1986 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच ही विभागणी आहे : पुरुष मुंबईला, स्त्रिया घरी.

अर्थात सर्वच स्त्रिया मागे राहिल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरण्यांच्या कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. त्यांत विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांचा भरणा लक्षणीय होता. पुढे ही खाती आक्रसत गेली आणि 1970च्या दशकापर्यंत गिरणीतील स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले. स्त्रीच्या श्रमाचे दुसरे ठिकाण म्हणजे खाणावळ. गावाहून एकटे आलेले पुरुष चाळीतील एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पगार झाला की पैसे. किराणा मात्र उधारीवर, व्याजासह. म्हणजे गिरणीने महिनाभर थकवलेल्या पगाराचा भार खाणावळवालीने उचलायचा. या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा गिरण्या सुरू होऊन सव्वाशे वर्षे होत आली होती.

तथापि गावाशी असलेले नाते केवळ शोषणाचे साधन होते असे म्हटल्यास इतिहासावर अन्याय होईल. तेच नाते कामगाराचे बळही होते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली आणि रस्त्याच्या नाक्यावर कामगारांसाठी चढाओढीने बोली लागली. महिनोन् महिने पगार अडकवून ठेवणाऱ्या व्यवस्थेला काही काळ तरी नमते घ्यावे लागले, कारण कामगाराला जायला दुसरी जागा होती. 1928चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. संपाच्या काळात असंख्य कामगार गावी गेले. युनियनच्या निधीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा संप गावच्या तांदळावर आणि नाचणीवर उभा होता. राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या 1994च्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, गावाशी जोडलेला कामगार म्हणजे अर्धवट, अपरिपक्व कामगार ही समजूत टिकत नाही. गावातील पाय रोवून तो शहरात अधिक काळ झुंजू शकत होता.

शहरातही गाव त्याच्यासोबत आले होते. नोकरी लागे ती जॉबरच्या ओळखीने. आणि ओळख निघे गावावरून, जातीवरून, नात्यावरून. गावकीच्या खोल्यांत एका गावची माणसे वर्गणी काढून राहत; एका पाळीचा माणूस उठला की त्याच जागी दुसऱ्या पाळीचा पथारी टाकी. गोव्याहून येणाऱ्या खलाशांच्या ‘कुडां’ची रचनाही याच जातीची. या खोल्यांनी परक्या शहरात आसरा दिला हे खरे; परंतु गाव सोबत आले म्हणजे गावातील उतरंडही आली. गिरणीच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई, की धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि त्या धोट्याला सवर्ण कामगार ओठ लावणार नाहीत. 1928च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला. वाफेच्या यंत्राने जात मोडेल ही आशा त्या लहानशा धोट्यापाशी अडली होती.

उलट दिशेने, मुंबईने गावाला पैशाखेरीज आणखी एक गोष्ट पाठवली : खोताला प्रश्न विचारण्याचे धैर्य. 1933 पासून कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सुमारे सहा वर्षे जमिनी कसण्यास नकार दिला. गिरणगावाने परिचित केलेले संपाचे हत्यार शेतीत उतरले. 1937 मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कायदा व्हायला 1949 उजाडले. ज्या खंडापायी माणसे बाहेर ढकलली गेली, तो खंड मोडण्याच्या लढ्याचे एक केंद्र मुंबईतच असावे, हा स्थलांतराचा सर्वांत दूरगामी परिणाम म्हणावा लागेल.

आता साहित्याकडे वळू. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणगाव मराठीत येत राहिले. नारायण सुर्वे यांची कविता या परंपरेचा मानबिंदू. त्यांना सांभाळणारे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे निवृत्तीनंतर कोकणातील गावी परतले आणि पोरवयातील नारायण शहरातच राहिला. कामगार थकल्यावर गावाकडे जातो हा वर मांडलेला नियम आणि त्यातून निर्माण होणारे एकटेपण, दोन्ही या एका चरित्रात एकत्र आले आहेत. सुर्व्यांना गाव उरले नव्हते. म्हणूनच त्यांच्या कवितेतील शहर संपूर्ण आहे.

गावात उरलेली स्त्री मात्र आपल्याला भेटते ती बहुधा पुरुषाच्या स्वरात. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याचे सर्वांत समर्थ उदाहरण. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचे प्रतीकही झाली. रचना थोर आहे. पण तिच्यात बोलतो तो गेलेला माणूस. राहिलेली काय म्हणत होती, हे ऐकायचे तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. अभ्यासक्रमात हा संग्रह लोकसाहित्याच्या कप्प्यात आणि गिरणगावाची कविता आधुनिक साहित्याच्या कप्प्यात ठेवली जाते. एकाच आर्थिक व्यवहाराची दोन टोके अशी दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत विभागली गेली आहेत. ती एकत्र वाचली, तर सुर्व्यांचे शहर आणि ओवीतले घर परस्परांच्या जिवावर कसे उभे होते, हे विद्यार्थ्याला दाखवता येईल.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. याही वेळी हजारो कामगार गावी परतले. परंतु 1928 मध्ये सहा महिने तग धरणारे गाव आता वर्षानुवर्षे तग धरू शकले नाही; शेतीचे तुकडे झाले होते आणि घरची गरज वाढली होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा भाव चर्चेत आला. त्या जमिनीच्या किमतीत गावाने सोसलेल्या खर्चाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च प्रमाण. 2001च्या तुलनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गिरण्या गेल्या, तरी माणसे बाहेर धाडणारी व्यवस्था गेली नाही. यापुढे कोणी ‘मनीऑर्डरीवर जगणारे कोकण’ म्हणेल, तेव्हा त्या मनीऑर्डरीच्या बदल्यात काय दिले गेले होते, एवढे तरी त्याला विचारले पाहिजे.