कामात वाघ, पण टीमला नकोसा! अशा माणसाचा ‘लीडर’ कसा घडवतात?

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. काम सगळ्यांच्या आधी संपवतो, क्लायंट त्याचंच नाव घेतात, अडलेलं काम शेवटी त्याच्याकडेच येतं. पण मीटिंगमध्ये तो बोलायला लागला की बाकीचे फोनकडे बघायला लागतात. दुसऱ्याचं वाक्य तो पूर्ण होऊ देत नाही. ज्युनिअरने चूक केली, तर चारचौघांत ऐकवतो.

आणि प्रमोशनच्या यादीत सगळ्यात वर त्याचंच नाव असतं!

आता साहेबांपुढे पेच उभा राहतो. त्याला टीम दिली तर टीममधले दोघं-तिघं राजीनामा देतील. नाही दिली तर तोच दुसरीकडे जाईल. मग करायचं काय?

याचं उत्तर शोधायला पुण्यातल्या अनेक कंपन्या आपली माणसं घेऊन पानशेतला येतात.

पुण्यापासून साधारण ४० किलोमीटरवर, वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात आंबी नदीवर पानशेतचं धरण आहे. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेलं आणि पुण्यात हाहाकार उडवणारं धरण ते हेच. नंतर ते पुन्हा बांधलं गेलं. आज त्याच्या जलाशयाच्या, म्हणजे तानाजीसागरच्या काठावर ‘आउटबाउंड ट्रेनिंग’ची शिबिरं भरतात. या पद्धतीचं मूळ थेट दुसऱ्या महायुद्धात सापडतं. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्ही इथे पहिली ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. माणूस वर्गात बसून जे शिकत नाही, ते पाण्यात आणि डोंगरात शिकतो, अशी त्यामागची कल्पना.

या शिबिरांमधला ठरलेला खेळ म्हणजे तराफा बांधणं. रिकामे ड्रम, बांबू, दोर आणि मोजका वेळ. आपला हा हुशार गडी पहिल्याच मिनिटाला सूत्रं हातात घेतो. कोणी काय धरायचं, गाठ कुठे मारायची, सगळं तोच सांगतो. टीममध्ये एखादी मुलगी असते, जिला गाठी खरंच मारता येतात. ती एकदा बोलून बघते, तिचं कोणी ऐकत नाही, मग तीही गप्प बसते. तराफा पाण्यात जातो आणि सुटतो. लाइफ जॅकेट घातलेली सगळी मंडळी गटांगळ्या खातात, हसतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रशिक्षक सगळ्यांना गोल बसवून एवढंच विचारतो, “गाठ सुटणार हे कोणाला आधीच कळलं होतं?” दोन-तीन हात वर जातात. “मग बोलला का नाहीत?” यावर जी शांतता पसरते, ती त्या माणसाला बॉसच्या दहा भाषणांपेक्षा जास्त सांगून जाते.

दुसऱ्या फेरीत अट असते: त्याने तोंड उघडायचं नाही, फक्त हात चालवायचे!

हे नुसते खेळ वाटतील, पण यामागे अभ्यास आहे. डॅनियल एम्स आणि फ्रान्सिस फ्लिन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की सहकाऱ्यांना एखाद्याच्या नेतृत्वातले दोष विचारले, तर ठामपणाचं चुकलेलं प्रमाण हा दोष सर्वाधिक वेळा पुढे येतो. काहींमध्ये तो फार जास्त, काहींमध्ये फार कमी. एम्स यांनी त्याला मिठाची उपमा दिली. आमटीत मीठ बरोबर पडलं तर कोणी नाव काढत नाही, चुकलं तर दुसरं काही सुचत नाही. एम्स यांच्याच २०१४ मधल्या अभ्यासात याहून गमतीची गोष्ट आढळली. समोरच्याला जे अती आक्रमक वाटले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा समज होता, की आपण अगदी योग्य वागलो किंवा जरा कमीच पडलो!

म्हणजे हा माणूस मुद्दाम त्रास देत नसतो. त्याला ते दिसतच नसतं. म्हणूनच “जरा नीट वाग” या सल्ल्याचा उपयोग शून्य.

मग खडसावून सांगावं का? पानशेतच्या परिसरातूनच राजगडाची वाट जाते. रायगडाच्या आधीची ही स्वराज्याची राजधानी. त्या काळातली एक घटना इथे आठवते. कुडतोजी गुजर, म्हणजेच सरनौबत प्रतापराव. १६७२ च्या साल्हेरच्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १६७३ मध्ये उमराणीजवळ त्यांनी बहलोलखानाला कोंडीत पकडलं, पण तो शरण येताच स्वतःच्या अखत्यारीत सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. महाराजांनी कडक शब्दांत कळवलं, की त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय तोंड दाखवू नका. तो बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे, अवघ्या सहा साथीदारांसह ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. राज्याभिषेक तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांवर आला होता.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती शौर्याचीच आहे. शिवाय तो युद्धाचा काळ होता, ऑफिसचा नव्हे. पण मानी माणसावर कठोर शब्दाचा काय परिणाम होतो, हेही त्यात दिसतं. तो शांतपणे चूक सुधारायला बसत नाही, तर स्वतःला सिद्ध करायला धावतो.

ऑफिसात त्यापेक्षा साधी वाट चालते. बोलायचं एकांतात आणि नेमक्या प्रसंगावर. ‘तू उद्धट आहेस’ याने भांडण होतं. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये तू तिला तीनदा तोडलंस, त्यानंतर ती अर्धा तास बोलली नाही’ यावर वाद घालता येत नाही. मग त्याला असं काम द्यायचं, जे एकट्याने जिंकता येत नाही. एखाद्या नवख्याला तीन महिन्यांत तयार करणं, किंवा मीटिंग चालवून स्वतःचं मत सगळ्यात शेवटी मांडणं. पाठीवर थापही त्यासाठीच द्यायची. आपण नेमकं उलटं करतो. दर वेळी ‘याने एकट्याने प्रोजेक्ट वाचवलं’ म्हणून टाळ्या वाजवतो आणि नंतर तो टीमला धरून वागत नाही म्हणून कुरकुरतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी. तेच वाक्य पुरुष बोलला तर ‘ठाम’ आणि बाई बोलली तर ‘आगाऊ’, असं तर होत नाहीये ना? ज्युनिअरने साहेबांची चूक दाखवली, म्हणून तर तो ‘अती’ ठरत नाहीये ना? तसं असेल तर शिबिराला साहेबांनाच पाठवलेलं बरं!

आणि एवढं करूनही काहींना माणसं सांभाळण्यात रसच नसतो. अशांना टीम न देता तज्ज्ञ म्हणून वरचं पद आणि पगार देण्याची सोय आता बऱ्याच आयटी कंपन्यांमध्ये आहे.