शेवटच्या कडव्यातला कवी

१४ एप्रिलच्या रात्री तिरोड्यात मिरवणुकीपुढे जी गाणी वाजतात, त्यांतील कित्येकांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हा शब्द येतो. पुष्कळदा ते कडवे येण्याआधीच पुढचे गाणे सुरू होते आणि तो शब्द ऐकूच येत नाही. तो शब्द म्हणजे कवीची सही. कवीचे पूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणून ओळखतो.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी. शाळेचा संस्कार झाला नाही. पोटासाठी मुंबई गाठली, पडेल ते काम केले, शिवडीच्या बीडीडी चाळीत आसरा मिळाला. तिथे एकदा कोणीतरी त्यांच्या हाती पत्र देऊन ते वाचून दाखवायला सांगितले. अक्षरओळख नसल्याची शरम त्यांना इतकी झोंबली की ते रडले. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत त्यांचे वाचन पक्के झाले. मराठीच्या एका मोठ्या गीतकाराचे पहिले पुस्तक म्हणजे मुंबईच्या दुकानांच्या पाट्या होत.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. याच साली नायगावात त्यांना बाबासाहेबांचे प्रथम दर्शन घडले आणि गीतांना विषय मिळाला. उसनी चाल म्हणजे कमअस्सल काव्य, असा एक समज अभ्यासकांतही आढळतो. तो उथळ आहे. श्रोत्याला चाल आधीच पाठ असेल तर त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते, आणि निरक्षर श्रोत्यापर्यंत विचार पोहोचवायचा असेल तर यापेक्षा स्वस्त छापखाना नाही. सत्यशोधकांच्या जलशांनी हे ओळखले होते. भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. वामनदादा त्या परंपरेतले, मात्र जलशातील वगापेक्षा सुटे गीत त्यांनी अधिक समर्थ केले.

इथे तिरोड्याकडे परत यावे लागते. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि राज्यघटनेचे शिल्पकार पराभूत झाले. अवघ्या दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. तिरोड्याहून नागपूर रेल्वेने एका रुळावर आहे. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

या दोन महिन्यांत जे घडले त्याचा सांस्कृतिक अर्थ क्वचितच सांगितला जातो. देव सुटले, त्यांच्यासोबत त्यांची गाणीही सुटली. लग्नात काय म्हणायचे, बारशाला कोणता पाळणा गायचा, मयताच्या रात्री कोणते भजन लावायचे? नवबौद्ध घरांतली ही पोकळी व्याख्यानांनी भरून निघणारी नव्हती. ती गीतांनी भरली, आणि त्यात वामनदादांचा वाटा फार मोठा. त्यांच्या रचनांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. पेटी-ढोलकीच्या साथीने खेडोपाडी गात ते हिंडले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी ती गीते घरोघर नेली.

ही सारी गीते वंदनेची नाहीत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात लवकरच गट पडले. त्या फाटाफुटीच्या काळात वामनदादांनी अनुयायांनाच उघड जाब विचारला. आज जयंतीच्या मंडपात नेते ज्या गीतावर टाळ्या वाजवतात, ते बहुधा त्यांनाच उद्देशून लिहिलेले असते. ही विसंगती कवीला नक्कीच आवडली असती.

छापील मान्यता मात्र उशिरा आली. ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ साली निघाला, तेव्हा कवीने पन्नाशी ओलांडली होती. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पोलंडमध्ये गायली जाणारी कविता हा स्वतंत्र संगीतप्रकार मानला जातो. बॉब डिलनला २०१६ साली नोबेल मिळाले तेव्हा गीत हे साहित्य आहे का, यावर जगभर वाद रंगला. मराठीने हा प्रश्न वास्तविक तुकोबांच्या काळीच निकालात काढला होता. तरीही विसाव्या शतकातल्या काव्याच्या चर्चेत वामनदादांना तळटीप मिळाली तरी पुष्कळ.

१५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ यांच्या पंक्तीतली त्यांची नाममुद्रा केवळ अलंकार नव्हती. मानधनाची, करारनाम्याची, ध्वनिमुद्रिकेवरील श्रेयाची शाश्वती नसलेल्या कवीचा तो एकमेव मालकीहक्क होता. गायनपार्ट्यांच्या जुन्या वह्यांत शेवटचे कडवे उतरवलेले असेल तर गीत कोणाचे ते लगेच कळते. जिथे ते उतरवायचे राहून गेले, तिथे गाणे उरते, लोक गातातही, आणि खाली लिहिलेले असते : पारंपरिक.